नूडल जेवत नाही

खलिफा सिटी, अबू धाबी
नागपंचमीनंतरचा शुक्रवार, २००३

ति. यतीनदादा यांस,

इथल्या भट्टीतून वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? तुमची बहीण सविता आणि भाची पर्णिका सुट्टीभर मिरजेत, म्हणजे घर गजबजलेलं असेल. इथे मी आणि नूडल.

नूडल हा साप आहे. (बसून घ्या. बिनविषारी आहे, पेन्सिलीएवढा.) शेजारचा लेस्टर नोकरी आटोपून वसईला परतला, तो जाताना हे पिल्लू पर्णिकाच्या हाती देऊन गेला. लेस्टर त्याला चिमट्यानं तोंड उघडून भरवायचा. विमानतळावर पर्णिकानं मला बजावलं, 'बाबा, ही मस्ट ईट बाय हिमसेल्फ. प्रॉमिस?' मी वचन दिलं. सक्तीचा घास हा घासच नव्हे, असं मी महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं गर्जत आलोय. घरी येऊन आधी तो चिमटा कचऱ्यात टाकला.

मग आग्रह सुरू झाला. फ्रीजरमधलं उंदराचं पिल्लू (श्रीखंडाच्या डब्यात असतं, हे वाक्य सविताला वाचून दाखवू नका) कोमट पाण्यात मऊ करायचं, नूडलची काचेची पेटी माझ्या मेजावर घ्यायची आणि समोर बसायचं. पाहुण्याला एकट्याला जेवायला सोडतो का आपण? मी त्याला स्वावलंबन समजावलं, भुकेचा हक्क समजावला, मेजावर मूठ आपटून समजावला. तो वेटोळ्यात डोकं लपवी आणि रोज थोडा बारीक होई. समोर अन्न असून भुकेला जीव ते का नाकारतो, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडेना. ऑफिसातले हमीदभाई त्याला बघायला आले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, 'हबीबी, तुम बोलते हो तो मेरा भी निवाला नहीं उतरता. खलास करो.' मग पर्णिकाचा फोन आला, 'बाबा, डार्क प्लेस. नो टॉकिंग. नो बँगिंग.'

घरभर हिंडलो. मी जिथे कधीच बोलत नाही अशी एकच जागा निघाली, सविताचं देवघर. दारं आहेत, आत काळोख आहे. देव परातीत काढून स्वयंपाकघरात ठेवले, पेटी आत सारली, देवघराचं दार लावलं आणि माझं तोंडही.

नेमकी ती नागपंचमी. सवितानं परस्पर सांगून ठेवल्यामुळे शेजारच्या प्रमिलाताई दूध-लाह्या घेऊन पूजेला आल्या. (साप दूध पीत नाही, यावर याच बाईंनी माझं भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकलंय.) मी 'थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं. आत नूडल, तोंडाबाहेर इवली शेपटी, सावकाश गिळत होता. कोणीही न भरवलेला त्याचा पहिला घास. माझे डोळे भरून आले. ते पाहून प्रमिलाताईंनी हात जोडले आणि पुटपुटल्या, 'भाऊजी, इतकी वर्षं आमच्यापासून लपवलंत होय?' उत्तर जिभेवर होतं, पण बोललो असतो तर त्यानं घास टाकला असता. आता सगळ्या मंडळात माझ्या भक्तीची चर्चा आहे.

पर्णिकाला तेवढं सांगा, तो जेवला. स्वतःहून.

आपला
संग्राम

ता. क. खरं काम राहिलंच. सविता परतण्याआधी, देवघरात देव कोणत्या क्रमानं मांडलेले असतात हे तिच्याकडून सहज म्हणून काढून कळवा. बाळकृष्ण डावीकडे होता की उजवीकडे, मला आठवत नाही. (मी कधी पाहिलंच नव्हतं.)

आणखी एक. अन्नपूर्णा मात्र मी बाहेर काढली नव्हती. ती आत पेटीजवळच आहे. नूडलचं दुसरं जेवण होईपर्यंत तिला तिथेच राहू द्यावं म्हणतो.