गिअरच्या झाकणामागचा प्रश्न

प्रिय दत्तू,

काल खंडेनवमी झाली. पूजेआधी आपली लेथ घासूनपुसून काढायचं काम माझ्याकडे होतं. तू गेल्यापासून दोन महिने मी तिच्या गिअरचं झाकण उघडलं नव्हतं. काल उघडावंच लागलं. आतल्या बाजूला तुझ्या अक्षरातला खडूचा प्रश्न जसाच्या तसा! मला पत्र लिहायची सवय नाही, तुला माहीतच आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, म्हणून लिहितोय.

सातपूरच्या कारखान्यात बारा वर्षं आपण एकाच मशीनवर काम केलं आणि रोज भेटलो ती जेमतेम दहा मिनिटं. तुझी पाळी सुटायची तेव्हा माझी लागायची, नाहीतर उलट. जाताना पुढच्यासाठी मशीनवर खडूने निरोप लिहायचा. 'टूल बदललं', 'कूलंट घाला'. बाकीचे तेवढंच लिहायचे. तू मात्र खाली लिहायचास, 'मुनी, मिरची तुला लागते तशीच मला लागते कशावरून?'

मुनी! मुरलीधर म्हणून कधी हाक मारलीस का रे? मी गप्प असतो म्हणून सगळ्या शॉपमध्ये तेच नाव करून टाकलंस.

त्या मिरचीवर मी पाळीभर विचार केला आणि लिहिलं, 'दोघांच्याही डोळ्यांत पाणी येतं.' दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर तयार. 'आमच्या गावी देवळ्याला ये. कांदा चिरतानाबी येतं. मग कांदा अन् मिरची एकच का?' मी मशीनपाशी एकटाच हसत होतो. मेंटेनन्सचे गणपतमामा जाता जाता थांबले. "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही."

आणि ती बेअरिंगची गंमत! 'हिला दुखत असेल का?' असं तू लेथबद्दल लिहून हात धुवायला गेलास. मामांना वाटलं, तक्रार आहे. मी पोहोचलो तर लेथचा हेडस्टॉक उघडलेला आणि मामा तापलेले. "दुखतंय म्हणे! कुठं दुखतंय ते लिहायला काय झालं होतं?"

पण बेअरिंग खरंच झिजलेलं निघालं. तू फक्त नाचायचा बाकी होतास. "बघ मुनी! बोलता येत नाय म्हणून दुखत नाय, असं थोडंच हाय?"

"झिजणं वेगळं, दुखणं वेगळं," मी म्हणालो.

"तुला बाहेरून काय कळतंय रे? तू पण बोलत नाय. तुझ्या आत कोणी हाय, हे तरी मी कशावरून धरायचं?"

मशीनवर कामाशिवाय काही लिहायचं नाही, असं साहेबांनी त्याच दिवशी बजावलं. दुसऱ्या दिवसापासून आपली शाळा झाकणाच्या आतल्या बाजूला भरू लागली.

एक सांगतो, राग मानू नकोस. प्रश्न लिहून तू खुशाल घरी जायचास आणि मी आठ तास अडकायचो. हे बरं नव्हतं!

शेवटचा प्रश्न तर फारच वाईट. 'तू गप्प असतो तेव्हा आत काय चालतं?' त्याखाली मी लिहिलं, 'बेल्ट ढिला आहे.' बेल्ट खरंच ढिला होता. पण तू ते कुठे विचारलं होतंस?

आठवड्यात तू दवाखान्यात. मी खाटेजवळ अर्धा तास बसलो. तू म्हणालास, "मुनी, आता तरी सांग." मी विचारलं, "मोसंबी सोलू का?" तू इतका हसलास की नर्स धावत आली. मी आपला सोलत बसलो. एवढं साधं का सांगता आलं नाही मला?

तर ऐक. मी गप्प असतो तेव्हा आत तू बोलत असतोस. काल लेथला झेंडूचा हार घातला, सगळे हात जोडून उभे होते आणि तुझा आवाज आला, 'मुनी, हार घातलेला हिला कळला असेल का रे?' हे तू कधी लिहिलं नव्हतंस. मला तर सुचणंच शक्य नाही. मग हा प्रश्न पडला कोणाला? सांग ना!

मी मोठ्याने हसलो, ऐन आरतीत. मामांनी वळून विचारलं, "काय झालं, मुनी?"

"दत्तू," मी म्हणालो. मामाही हसायला लागले.

पूजेनंतर मी पुन्हा झाकण उघडलं. 'बेल्ट ढिला आहे' एवढं पुसलं आणि तिथे लिहिलं, 'तू.' तुझा प्रश्न तसाच ठेवलाय. दर खंडेनवमीला त्याच्या कडेकडेने पुसत जाईन.

आणखी एक. घरी शांता रोज विचारते, "कसला विचार चाललाय?" लग्नापासून मी तिला 'काही नाही' असंच सांगत आलोय. आज तसं म्हणणार नाही. चहा घेऊन बसली की मिरचीपासून सुरुवात करीन.

तुझ्या पुढच्या पाळीचा,
मुनी