सही आधी, पगार मागून

१४ मार्च, सकाळचे सव्वादहा. कारखान्याच्या फाटकाशी, थकलेल्या पगाराचा अर्ज द्यायच्या रांगेत बसून लिहितो आहे.

ती. आईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

मालकाने दिवाळे काढले, पण मी ठीक आहे. मालमत्ता विकून आधी कामगारांचे पगार देऊ, असे कोर्टाने नेमलेले साहेब म्हणतात. अडचण एवढीच, की आमच्याकडे पगाराच्या वहीत सही आधी व्हायची. अक्षर चांगले म्हणून वही मीच फिरवायचो. त्यामुळे न मिळालेले तीन पगारही वहीत मिळालेले दिसतात.

फिटरकाका म्हणाले, "सह्या तू घेतल्यास लेका, आता तोंडही तूच उघड."

सह्या पगाराआधीच घेतल्या, असा जबाब साहेबांना लिहून दिला. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा,
धाकटा

खर्च: जबाबाचा कागद, दहा.
येणे: माझे तीन पगार.
देणे: दोन महिन्यांचे खोलीभाडे, आणि चाळीस जणांचे तीन-तीन पगार.