डावी बाजू दोन बोटे उंच असण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी केंद्र,
मालधक्क्यामागे.

विषय: लाल रंगाच्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारची डावी बाजू खाली उतरवण्यास नकार देण्याबाबत, तसेच फेरतपासणी गाडीत माणूस बसवून करण्याबाबत.

संदर्भ: आपल्या सहीचा तपासणी शेरा व त्यासोबतची नोटीस.

महोदय,

“आधी तिला थांबायला शिकवा, मग वळायला. पळायला काय, ती कुणाला न विचारता शिकते.” हे बोल अर्जदाराने ऐकले तेव्हा तिचे डोके बॉनेटच्या कडेला जेमतेम लागत होते. बोलणारी बाई गाडीखाली उताणी होती. दिसत होत्या फक्त तिच्या चपला, आणि आवाज येत होता पत्र्याच्या डब्यात घुमावा तसा. ती अर्जदाराची आई. गाड्यांच्या सस्पेन्शनचे, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअपचे, गॅरेज तिने एकटीच्या हिमतीवर चालवले. पुढील सर्व मजकूर या बोलांवर उभा आहे. त्यांना कागदोपत्री पुरावा नाही व तो मागू नये, ही विनंती.

१) आपल्या नोटिशीत तीन आक्षेप आहेत. सायलेन्सर बाहेरचा असून त्याचा आवाज मर्यादेपेक्षा जास्त आहे. पुढचे टायर मडगार्डबाहेर डोकावतात. आणि गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटे उंच आहे. पंधरवड्यात गाडी सरळ न केल्यास नोंदणी स्थगित करून ती जप्त करण्यात येईल, असेही नमूद आहे. पहिले दोन आक्षेप अर्जदारास मान्य असून त्यांची पूर्तता केली आहे. तिसरा मान्य नाही. मुदत वाढवून दिलीत तरी मान्य होणार नाही.

२) सायलेन्सर अर्जदाराने स्वतःच्या कमाईतून, घरी न विचारता बसवला होता. गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आई आतल्या खोलीतून म्हणाली, “तिला खोकला झालाय का गं?” तरीही निव्वळ हट्टापायी तो ठेवला. आपण काढायला लावलात, त्याबद्दल गल्लीतल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या वतीने आभार.

३) गाडीला बाहेरचे भाग बसवले ते मिरवण्यासाठी, असा समज आपल्या शेऱ्यातून डोकावतो. वस्तुस्थिती अशी की अर्जदाराला मिरवायचेच होते. तिला टर्बो हवा होता, इंजिनाची ताकद वाढवून घ्यायची होती. आईने एकही मागणी फेटाळली नाही, फक्त रांगेत शेवटी उभी केली. आधी ब्रेक आले, मग रस्ता धरणारे टायर, मग स्प्रिंगांची पाळी आली. त्यातही अर्जदाराने आधी शर्यतीच्या मैदानावर घालतात तसल्या कडक स्प्रिंगा आणल्या. गाडी इतकी खाली बसली की घरासमोरचा गतिरोधक तिरका ओलांडावा लागे, आणि चाकाखाली काडेपेटी आली तरी आतल्या काड्या पाठीला मोजता येत. आईने एक चक्कर मारली, उतरताना कंबर धरली आणि म्हणाली, “बाळा, झोका मागितला होता, पाट आणलास.” शेवटी निवडल्या त्या मधल्या ताणाच्या, खालची रिंग फिरवून प्रत्येक चाकाची उंची वेगवेगळी ठरवता येते अशा. रिंग चढवली की गाडीचा तो कोपरा उचलतो, उतरवली की बसतो. सगळा वाद या रिंगेचा आहे.

४) आता आईची कामाची रीत सांगणे भाग आहे, कारण तिसरा आक्षेप त्या रीतीवर येऊन पडतो. ती रिकामी गाडी कधी जुळवत नसे. गिऱ्हाईक गाडी ठेवून निघाले की हाक मारी, “अहो, गाडी एकटी कशाला ठेवता? रोज जे बसतात त्यांना घेऊन या.” मग चार चाकांखाली चार वजनकाटे सरकवायचे, माणसे आपापल्या जागी बसवायची आणि काटे पटेपर्यंत रिंगा फिरवायच्या. ही लाल गाडी जुळवली त्या दिवशी उजवीकडे, स्टिअरिंगमागे, अर्जदार होती. डावीकडे तिचा थोरला भाऊ होता, धाकटी म्हणून तिला “स्टेपनी” म्हणणारा. तो शेंगदाणे खात होता. “हात मांडीवर ठेव रे, काटा हलतोय,” असे आई खालून ओरडत होती, आणि तो तोंड मिटून आणखी जोरात चावत होता. अर्जदाराला हसू आवरेना, म्हणून उजवीकडचे काटेही हलले. सबंध दुपार त्यात गेली. संध्याकाळी आईने चारही मडगार्डखाली बोटे घालून पाहिली. चारी बाजूंना सारखी बसली. मग ती बोटे पदराला पुसत उभी राहिली.

५) त्यानंतर घाटरस्त्यावरची वेळेची चढाई, म्हणजे घड्याळ लावून घाट चढण्याची शर्यत, होती. थोरल्याने गृहीत धरले होते की गाडी तो चालवणार. आईने किल्ली धाकटीच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, “तुझा पाय ब्रेकवर जड आहे. ती चालवेल. तू शेजारी बस, वळणं सांग.” त्याने हातातला पाना टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि गेला. त्या डाव्या जागेवर तो पुन्हा बसला नाही. चढाई झाली नाही, कारण वळणे सांगायला कोणी नव्हते. पुढे तो परीक्षा देऊन अधिकारी झाला. कोणत्या खात्यात, हे फाईलवर लिहिण्याची गरज नाही. फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना ते ठाऊक आहे.

६) तपासणीच्या दिवसाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, नोंद आहे. केंद्रात आणखी निरीक्षक होते. अर्जदाराची गाडी वास्तविक त्यांच्यापैकी एकाकडे जायला हवी होती. फाटकातून लाल रंग आत आलेला पाहून आपण स्वतः केबिनबाहेर आलात आणि फाईल मागून घेतलीत. अर्जदाराला “वाहनधारक” म्हणालात. “वाहनधारक, बॉनेट उघडा.” “वाहनधारक, बाजूला उभ्या राहा.” वाहनधारक राहिली बाजूला उभी. मोजपट्टी खिळ्याला टांगलेली होती. ती आपण काढली नाहीत. आपण वाकलात आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटे घातलीत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे जरा जास्त वेळ. आणि शेऱ्यात लिहिलेत, “दोन बोटे.” शासनाच्या कोणत्या नियमात बोट हे माप आहे, अर्जदारास माहीत नाही. तिच्या माहितीत ते एकाच गॅरेजात चालते.

७) आपले कारकून भले गृहस्थ आहेत. ते खिडकीतून हळूच म्हणाले, “ताई, कशाला वाढवताय? डाव्या सीटवर वाळूचं पोतं ठेवा, गाडी सपाट दिसेल, साहेब सही करतील, विषय संपला.” अर्जदाराने नकार दिला. पोते वळणे सांगत नाही. रिंग खाली उतरवणे हे तर त्याहून सोपे, हातासरशी होणारे काम आहे, आणि ते अर्जदाराला उत्तम येते. येत असूनही ती करणार नाही, हे या अर्जाने कळवण्यात येत आहे. गाडी जप्त करायची तर करावी. आवारात जिथे उभी कराल तिथे अर्जदार रोज येऊन स्टिअरिंगमागे बसेल, डबा घरून आणेल. स्प्रिंगांना परक्या माणसाचा पाना लावून देणार नाही.

८) सबब मागणी एवढीच की फेरतपासणी व्हावी, आणि ती गाडी ज्या रीतीने जुळवली त्याच रीतीने व्हावी. उजवीकडे अर्जदार बसेल. डावीकडे ज्याच्यासाठी ती जागा जुळवली तो माणूस बसावा, बदली कर्मचारी पाठवू नये. मग फटीत बोटे घालावीत. तरीही डावी बाजू उंच भरली तर अर्जदार नोटीस मान्य करील आणि दंड म्हणून तो जुना सायलेन्सर आपल्या केबिनमध्ये शोभेला ठेवायला देईल.

स्प्रिंगांचा विषय वगळता बाकी सर्व बाबतींत नम्र,

(सही)
अर्जदार तथा वाहनधारक
दिनांक: मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत: सायलेन्सर बदलल्याची पावती. टायर आत घेतल्याचा फोटो. तिसऱ्या मुद्द्यासाठी जोडण्यासारखे काही नाही.

ता. क. — वरचा मजकूर टाईप करून आणला. हे तुझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसून हाताने लिहिते आहे.

तपासणीच्या दिवशी तू एकच प्रश्न वाहनधारकाला विचारल्यासारखा विचारला नाहीस. खाली वाकलेला असतानाच म्हणालास, “मुळात सारखी होती ना? मग डावीकडची कुणी चढवली?” मी म्हणाले, तांत्रिक कारण आहे. तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती मला. “यायचं तर त्यानं आपणहून यावं, कीव करून नको,” असं आई म्हणते. आजवर मी ताकीद पाळली. आज पाळत नाही.

दादा, डावीकडची आई चढवून घेते. तिचे गुडघे गेले आहेत, गाडीखाली जाता येत नाही. सर्व्हिसिंगच्या दिवशी खुर्ची टाकून डाव्या दाराशी बसते आणि मला खाली पाठवते. उजवीकडे हात लावू देत नाही. म्हणते, “आता भरला असेल गं तो अंगानं. खुर्चीतलं काम आहे. डावीकडे अजून जरा चढव.” मी चढवते. तुझं लग्न झाल्याचं बाहेरून कळलं त्या वर्षी म्हणाली, “आता घरचं सुखाचं खात असेल,” आणि अर्धा फेरा जास्त द्यायला लावला. दरवेळी थोडी थोडी अशी करत तुझी बाजू दोन बोटं वर गेली आहे. तू गाडीतला दोष म्हणून जे लिहिलंस ते तुझं वजन आहे, तिनं न बघता धरलेलं.

तिचा अंदाज चुकलाही असेल. मला तू वाळलेला दिसलास. पण तो दुरुस्त करायचा तर मी आणि कागद पुरणार नाही, तुला बसावं लागेल. काटे मी घासून ठेवले आहेत. शेंगदाणे आणू नकोस.

स्टेपनी