यादीतलं तिसावं नाव

२ ऑक्टोबर

आले एकदाची. सेहेचाळिसाव्या वर्षी नवं गाव, नवी नोकरी, झेपेल का, असं मिनियापोलिस सोडताना वाटत होतं. पण दुपारी टेकडी उतरताना खाली सरोवर दिसलं, धक्क्याला लागलेलं लोहखनिजाचं लांबलचक जहाज दिसलं, आणि गाडीत मी एकटीच हसले. माझ्या नव्या खोलीपासून आईचा वृद्धाश्रम चालत अकरा मिनिटांवर आहे. घड्याळ लावून मोजलं.

आई दारातच उभी होती. म्हणाली, मार्ली, शहरात काय नुसती कॉफी पिऊन राहत होतीस, गालफडं बघ कशी बसलीत. मग शेजारच्या प्रत्येक खोलीत मला हाताला धरून नेलं आणि सांगितलं, ही माझी मुलगी, आपल्या रेडिओत लागलीय, कुणाला काही तक्रार असेल तर आत्ताच करा. दोघांनी खरोखरच केली.

रेडिओ केंद्र बेकरीच्या वर आहे. जिन्यात दिवसभर दालचिनीचा वास. फोनवर डॉट बसते, सत्तरीची, ओठांना लालभडक लिपस्टिक. तिनं मला खुर्ची दाखवली आणि म्हणाली, या खुर्चीवरून तीन जण वर्षाच्या आत पळाले, तू निदान बर्फ वितळेपर्यंत टिक बाई. मी म्हटलं, टिकेन.

५ ऑक्टोबर

मुख्य वाहिनीवर नवी कंट्री गाणी लागतात. तिच्याच लहरीच्या पोटात एक उपवाहिनी आहे, ती माझी. ती ऐकायला डिजिटल रेडिओ लागतो. केंद्रानं असे रेडिओ वृद्धाश्रमांत, चर्चच्या तळघरांत आणि एका न्हाव्याच्या दुकानात वाटून ठेवलेत. माझ्याकडे नऊशे गाणी आहेत: मोठे बँड, वॉल्ट्झ, पोल्का, टँगो, आणि कानाशी येऊन गायल्यासारखं गाणारे ते जुने गायक.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्यांची आवड एकच असते. टाउनो रिंताला नव्वदीचे आहेत, जहाजावर स्वयंपाकी होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिसेस प्रोकॉपना जे आवडतं, त्याला ते पोरांचा गोंगाट म्हणतात. मिसेस प्रोकॉपना अकॉर्डियन चालत नाही, कारण नवरा चाळीस वर्षं घरात तेच वाजवत होता. टाउनोंचा फोन रोज सव्वानऊला येतो. आज म्हणाले, पोरी, सकाळपासून चार व्हायोलिनवाली गाणी झाली, आम्ही काय दाताच्या डॉक्टरकडे बसलोय? मग आवाज खाली आणून त्यांचा तो टँगो मागितला. त्यावर त्यांची आणि त्यांच्या बायकोची, एल्माची, गाठ पडली होती. एल्मा जाऊन सहा वर्षं झाली. टँगो लावला. डॉट म्हणाली, झालं, आता हा तुझ्याशी लग्न करणार.

फार दिवसांनी कामावरून गुणगुणत घरी आले.

९ ऑक्टोबर

व्हर्लिननं, म्हणजे आमच्या व्यवस्थापकानं, बोलावलं. मालकांना उपवाहिनी थोडी तरुण करायची आहे. तो वाईट माणूस नाही, बोलताना नजर टेबलावर होती. म्हणाला, पंचावन्नच्या पुढचा माणूस जाहिरातदाराला दिसतच नाही, मी तरी काय करू? नऊशेपैकी तीनशे गाणी ठेवायची. कोणती, ते श्रोत्यांनाच विचारून ठरवायचं.

पद्धत जुनीच आहे. प्रत्येक गाण्याचा सर्वांत ओळखीचा सात सेकंदांचा तुकडा कापायचा. श्रोत्याला फोनवर तो ऐकवायचा. उत्तरं तीनच: आवडतं, आवडत नाही, कंटाळा आला. यंत्र रोज सकाळी दहाला फोन लावतं, आणि प्रश्न माझ्या आवाजात भरून ठेवलेत. रोज तीस तुकडे.

तीस श्रोते लागतात. माझ्याकडे एकोणतीस झाले. या धंद्यात नियम आहे की कर्मचाऱ्याच्या घरच्यांना विचारायचं नाही. ते खरं सांगत नाहीत, लाडानं सांगतात. मी आईचं माहेरचं नाव लिहिलं. तिसावं नाव. आई एवढी खूश झाली की तिनं उद्यासाठी केस सेट करून घेतले. फोनसाठी!

१४ ऑक्टोबर

टाउनोंचा फोन. गाणं मध्येच का तोडलंस, म्हणाले. मी टँगो पुन्हा लावला, स्वतः कान लावून ऐकला. तीन मिनिटं दहा सेकंद, अखंड. त्यांचा पुन्हा फोन. म्हणाले, पोरी, थट्टा करतेस का म्हाताऱ्याची?

१७ ऑक्टोबर

दुपारी त्यांच्या घरी गेले. रेडिओ नीट आहे. मी समोर बसले असतानाच टँगो लागला. पहिले काही क्षण त्यांचा चेहरा उजळला, टाचेनं ठेका धरला. मग टाच थांबली. गाणं चालूच होतं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, बघितलंस? तोडलं.

त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. माझा आवाज येत होता, केटलीची शिट्टी येत होती. त्या गाण्याचे सात सेकंद तेवढे येत होते, पुढचं नाही.

कपाटावर एल्माचा फोटो होता. बोलायचं म्हणून मी तिच्याबद्दल विचारलं. म्हणाले, एल्मा हिरवा कोट घालून नाचाच्या हॉलच्या दारातून आत येते, कोट खुंटीला लावते. मी पुढची वाट बघितली. तेही बघत होते. मग त्यांनी मलाच विचारलं, कोट लावते, आणि मग?

एक्कावन्न वर्षांचा संसार.

२० ऑक्टोबर

मिसेस प्रोकॉप. तेच. न्हाव्याचे वडील. तेच. डॉट म्हणाली, वय आहे गं, माझ्या चष्म्याला विचार, तोही मला ओळखत नाही. नेहमीसारखी मी हसले नाही, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी सगळ्यांच्या उत्तरपत्रिका पसरल्या. ज्या गाण्याला माणूस ‘कंटाळा आला’ म्हणाला, ते त्याच्याकडे शाबूत आहे. ‘आवडत नाही’ म्हणाला, तेही. ज्याला ‘आवडतं’ म्हणाला, त्याचे सात सेकंद उरलेत. आणि त्या गाण्याला जो माणूस, जी जागा, जो दिवस चिकटलेला होता, त्याचेही तेवढेच.

हे तुकडे मी कापले. मी ते सगळे ऐकलेत. त्यांतलं एकही गाणं माझं नव्हतं, म्हणून मी वाचले असेन.

आईची उत्तरपत्रिका शेवटी उघडली. एकशे चौऱ्याहत्तर गाण्यांना ‘आवडतं’.

लाडानं सांगतात.

२२ ऑक्टोबर

व्हिव्हियनमावशीबद्दल आईला विचारलं. त्या दोघी बहिणी साठ वर्षं रोज फोनवर भांडल्या. आई म्हणाली, व्हिव्हियन सायकलवरून उतारानं येते, पाय पसरलेले, हसते आहे. आणि थांबली. मी म्हटलं, मग ती पडली, तुझ्या नव्या झग्याला चिखल लागला, तू तिच्याशी आठवडाभर बोलली नाहीस. आई कौतुकानं ऐकत राहिली. म्हणाली, छान सांगतेस तू गोष्टी.

टाउनोंचा फोन येत नाही आता. सव्वानऊला मी फोनकडे बघत बसते.

२३ ऑक्टोबर

व्हर्लिनला सांगितलं. सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हेच वाईट. म्हणाला, मार्लिस, माझी आईही अशीच गेली, फोनचा काय दोष? आणि हे आता आपल्या हातातही नाही. मालकांनी कालपासून चाचणी बाहेरच्या कंपनीकडे दिली आहे. तुकडे आता कंपनीच कापणार. आवाज मात्र माझाच ठेवलाय, श्रोत्यांना ओळखीचा वाटतो म्हणून.

कंपनीतली बाई फोनवर फार गोड बोलली. एक नाव काढलं तर तिसाची मोजणी बाद होते. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाली.

ती माझी आई आहे, म्हटलं. तिनं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, तसं असेल तर तुम्ही मुळात नियमच मोडलात.

२५ ऑक्टोबर

आईला बजावलं: फोनवर काहीही ऐकवलं तरी ‘कंटाळा आला’ म्हण. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी चिकटवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि दुखावली. म्हणाली, रोज सकाळी तू मला एवढ्या प्रेमानं विचारतेस आणि मी तुझ्याशी खोटं बोलू?

ती मी नाही आई, यंत्र आहे, म्हटलं.

म्हणाली, आवाज ओळखते मी माझ्या मुलीचा.

२६ ऑक्टोबर

एक वॉल्ट्झ आहे. मी तो कापला नव्हता. यादीतच घातला नव्हता. आई, बाबा आणि मी, आमच्या तिघांचा तो. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही. लिहायची भीती वाटते.

दारात मला बघितलं की आई अजून तीच चाल गुणगुणते, आणि मग म्हणते, आली माझी मार्ली. चाल आधी, नाव नंतर. नेहमी याच क्रमानं. बाकी फारसं काही उरलेलं नाही तिच्याजवळ. बाबांचं नावही परवा मी सांगितलं.

कंपनीनं आज अख्खा संग्रह मागवून घेतला. नऊशेच्या नऊशे.

२७ ऑक्टोबर

कोणत्या दिवशी कोणतं गाणं, ते सांगत नाहीत. संग्रहातून वॉल्ट्झ पुसायला गेले — मूळ प्रत पुसली — त्यांच्याकडची कशी पुसणार.

आश्रमात विचारलं, आईला माझ्या खोलीवर नेऊ का. डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर गुरुवारी येतात. आज मंगळवार.

२८ ऑक्टोबर

सकाळी नऊपासून आईपाशी बसले. फोनची वायर भिंतीतून काढली, गुंडाळून खिशात घातली. दहा वाजले. काही नाही. सव्वादहा. काही नाही. आई म्हणाली, आज मुलीचा फोन नाही आला. मी तिच्या शेजारीच — तिचा हात माझ्या हातात होता —

मग माझ्याकडे वळली, गुणगुणली. आली माझी मार्ली, म्हणाली.

उद्या गुरुवार. सही झाली की नेते तिला.

२९ ऑक्टोबर

आईची खोली. दहा वाजून वीस.

केंद्रातून निघायलाच उशीर झाला. रस्ताभर बर्फ. टेकडीवर ट्रक आडवा — शेवटचं अंतर मी पळत आले —

दारात नर्स हसली. म्हणाली, वायर कुठे गेली कोण जाणे, म्हणून ऑफिसातला फोन आणून इथे लावून दिला हो तुमच्या आईला. तुमचाच होता ना, आवाज ओळखला मी.

आईनं फोन कानाला धरलेला. तिला कमी ऐकू येतं, आवाज मोठा केलेला. माझा आवाज, खोलीभर. नमस्कार, आता एक गाणं ऐका —

वॉल्ट्झ.

मी हात पुढे केला. पोचले नाही. सात सेकंद काहीच नसतात —

आई माझ्याकडे बघून हसली. फोनमध्ये म्हणाली, हे तर फार आवडतं.

आणि मी — मीही तेच म्हणाले. आवडतं. तोंडातून निघून गेलं. फोननं ऐकलं असेल का —

आईनं फोन खाली ठेवला. स्वेटर सारखा केला. पाहुण्यांसमोर करते तसा. म्हणाली, बसा ना. तुम्ही कुणाकडे आलात?

बसले. तिच्यासमोर बसून लिहिते आहे. ती बघते आहे. कौतुकानं.

लवकर लिहायला हवं. आहे तोवर.

स्वयंपाकघर. फरशी थंड. माझे पाय बाबांच्या बुटांवर, बाबा मला घेऊन नाचत आहेत. आई सिंकपाशी, हात ओले. ती वळते आणि मला म्हणते

नाही. पुन्हा.

स्वयंपाकघर. फरशी थंड. माझे पाय बुटांवर. एक बाई सिंकपाशी, हात ओले. ती वळते आणि