सोल्युशन वाळण्याआधी

बाबा, पाइप जोडायच्या ज्या द्रवाला तुम्ही नुसतं सोल्युशन म्हणायचात, त्यातल्या मुख्य द्रवाचं नाव आता मला पाठ आहे: टेट्राहायड्रोफ्युरान. डब्यावर बारीक अक्षरात असतं. बारावी अर्धवट सोडलेल्या तुमच्या पोराने ते मोबाईलवर वाचून काढलं. ईथरच्या घराण्यातलं आहे. ते पीव्हीसी चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही पाइपांची कातडी मऊ होऊन एकमेकींत मिसळते, द्रव उडून जातो, मग एकच पाइप उरतो. त्याच्याच रेणूची कडी उघडून कडीला कडी जोडत गेलं की ताणला जाणारा धागा होतो, माझ्या जीन्समध्येही तोच. चांदूर रेल्वेहून गाडीने बडनेऱ्याला निघालो होतो, हे वाचता वाचता बडनेरा मागे सुटून मूर्तिजापूर आलं.

तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हाचा एक दिवस आठवतो: अकोल्यात जठारपेठेतल्या नव्या घराच्या गच्चीवर मी ब्रश भरभरून लावतोय. तुम्ही तो हिसकावून घेता. "काहून बे पोट्ट्या, पोळीले तूप लावून राहिला का? पातळ लाव, पाव फेरा दे, दाबून धर. अन् उद्यापर्यंत कॉक खोलू नको." तुम्ही दुसऱ्या कामावर गेलात. जोड तपासला की मी भटकायला मोकळा, म्हणून मी तासाभरातच कॉक खोलला. थेंब गळला नाही, मी निघून गेलो. संध्याकाळी जोड सुटून मालकाचं ताजं प्लास्टर भिजलं होतं. "तू खोलला काय रे?" तुम्ही विचारलं. "नाई," मी म्हणालो. कॉक आपल्याच हातून अर्धवट राहिला असेल असं धरून तुम्ही विश्वास ठेवला. मालकाला म्हणालात, "माहाच हात कच्चा पडला." त्यानंतर प्रत्येक जोड तुम्ही दोनदा चाचपायचात. तुम्ही हयात होतात तोवर.

गेल्या आठवड्यात अंजनगाव सुर्जीला संत्र्याच्या बागेत पाण्याची लाइन टाकली. बागेचा मालक मोटर चालू करायला उतावीळ. "भाऊ, बाकीचे त अर्ध्या घंट्यात पाणी सोडतेत!"

"मंग त्यायलेच बोलवा. मी उद्या सोडतो."

एका गावात दोन दिवस न टिकणारा मी तिथेच थांबलो. सकाळी पाणी सोडलं, शेवटच्या झाडापर्यंत गेलं, एकही जोड पाझरला नाही. मालक म्हणाला, "कोणापाशी शिकला बे?" मी तुमचं नाव सांगितलं, आणि बोलता बोलता गच्चीवरच्या कॉकचंही सगळं सांगून टाकलं. त्याने विचारलं, "बापाले सांगितलं होतं का?"

म्हणून हे लिहितोय. हात तुमचा पक्काच होता, बाबा, कॉक मी खोलला होता. फक्त एवढंच की हे तुमच्याआधी एका परक्या माणसाला कळलं.