साठ युरोंचा पंप

एसिनाम,

माणसाची किंमत त्याच्या शब्दावरून ठरते. माझी सध्या गाडीच्या पाण्याच्या पंपावरून ठरते आहे. तो आज बसला नाही, तर उद्या तुझ्या आईच्या अंत्यविधीला आपली गाडी केटाला जाणार नाही. आणि "एसिनामला मीच घेऊन येईन" असं मी तुझ्या सगळ्या मावश्यांसमोर बोलून बसलोय.

हॅम्बुर्गचा तुझा चुलतभाऊ म्हणतो, तिथे हा पंप नवाकोरा साठ युरोंना मिळतो. बोटीतून इथे आक्राला येईपर्यंत तोच पंप जुना होतो आणि दुप्पट महागतो. काल मी इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात गेलो, हे चुकलंच. दुकानदाराने आधी माझे बूट पाहिले. मग म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, खास तुमच्यासाठी अठराशे सेडी."

"आत्ता त्या मेकॅनिकला नऊशेला दिलात ना?"

"तो उद्या परत येणार, साहेब. तुम्ही याल?"

म्हणून आज तुझ्या भावाची, सेलॉर्मची, गॅरेजातली डांगरी घालून जातोय. हातांना काळं ऑइल चोपडलंय. टॉवेल बघून ओरडू नकोस. जुना पंप नमुन्यासाठी तुझ्या बाजाराच्या पिशवीत नेलाय. मक्याचे केंके आणि मासळी झाकून ठेवली आहे. कालपासून तू काही खाल्लेलं नाहीस.

सेलॉर्मने काल विचारलं होतं, "दाजी, माझी टोयोटा आणून ठेवू का?" मी ताडकन नको म्हणालो. तरी ती सकाळपासून फाटकाबाहेर उभी आहे, टाकी भरून.

क्वाब्ला