अख्ख्या गावाचा दाजी

३ फेब्रुवारी

सगळं बदललं ते लग्नाच्या दिवशी नाही, निकालाच्या दिवशी. ती जिंकली! नगराध्यक्ष झाली! मी धावलो तिला उचलून घ्यायला — आणि कुणीतरी कोपर मारलं. "बाजूला व्हा हो, फोटोत येताय!" दुसरा ओरडला, "अरे गाढवा, ताईंचे मिस्टर आहेत ते!" सगळे हसले. गाव तिला ताई म्हणतं, म्हणून मी दाजी. अख्ख्या गावाचा दाजी!

तिच्या प्रचारासाठी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. भिंती रंगवल्या, घसा फोडला. पदवी गेली, हे बिरुद मिळालं.

९ फेब्रुवारी

फायदे आहेत. खोटं कशाला लिहू? न्हाव्याने आधी आलेल्यांना थांबवून मला खुर्चीत बसवलं. ज्या प्राचार्यांनी मला सगळ्या वर्गासमोर 'उनाड' म्हटलं होतं, ते आज मला बघून उठून उभे राहिले! "परत या की. हजेरीचं आम्ही बघू." आवडलं मला. फार आवडलं. छाती फुगवून घरी आलो. सांगायला घरात कुणी नाही.

१५ फेब्रुवारी

बायकोशी बोलायचं तर तिच्या स्वीय सहायकाला फोन करायचा. "दाजी, विषय काय लिहू?" विषय! म्हटलं, "लिही — नवरा." तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, "उद्या दुपारी बसवतो. पण पाणीपुरवठावाले लांबले तर सांगता येत नाही."

१६ फेब्रुवारी

लांबले.

१७ फेब्रुवारी

जेवता जेवता डुलकी लागली तिला. घास हातातच. मी हळूच काढून घेतला, तरी जागी नाही झाली. मानेवर हारांच्या दोऱ्याचे वळ उठलेत. बघत बसलो. एवढी जवळ, आणि हाक मारायची चोरी! चारचौघांत मला 'अहो' म्हणते. घरात काहीच म्हणत नाही. माझं नाव तिच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले!

२२ फेब्रुवारी

दादा आला. माझा थोरला भाऊ, बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. परवा बाजारातली अतिक्रमणं पाडणार, हुकूम तिचाच. दादाचं निम्मं दुकान रस्त्यात. बसलाही नाही. "तिचे फलक माझ्याच पत्र्यावर लावले होतेस ना रे? मग सांग तिला. का तुझं तिथे काही चालत नाही?"

डोक्यात तिडीक गेली. "चालतं! कोण हात लावतो बघतोच!"

तिला फोन — बैठक. परत फोन — बैठक. शेवटी अतिक्रमण विभागाच्या अधिकाऱ्यालाच लावला. लोचट माणूस, मला बघितलं की कमरेत वाकतो. म्हटलं, "ताईंनी सांगितलंय, ते सायकलचं दुकान सोडा."

"ताईंनी स्वतः?"

"मग काय मी मनाने बोलतोय?"

"छे छे! दाजी, तुमचा शब्द म्हणजे ताईंचाच शब्द."



२४ फेब्रुवारी

सगळी ओळ सपाट. मध्ये दादाचं दुकान — बोळक्या तोंडात एकच दात उरावा तसं! चपला विकणारी म्हातारी आपल्या पडलेल्या पत्र्यांवर बसली होती. मला बघून म्हणाली, "या दाजी! घरचं माणूस सुखरूप आहे ना?"

२५ फेब्रुवारी

"तू फोन केलास?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"हो."

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीच ओरडलो — "मग काय करू? तुझी वेळ तुझ्या कारकुनाकडे मागू?" ती म्हणाली, "लोक माझा राजीनामा मागतायत. आणि तू वेळ मागतोयस."

बाहेर काका बसले होते. तिच्या वडिलांचे दोस्त, पक्ष त्यांच्याच मुठीत. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, आता तोंडात मिठाची गुळणी धरा. बाकीचं आम्ही बघतो."

२७ फेब्रुवारी

आज दादाचंही पाडलं. दादा नुसता बघत होता. "चालतं म्हणालास ना रे?" — एवढंच.

१ मार्च

त्या अधिकाऱ्याला निलंबित केलं! दादाकडून लाच घेऊन दुकान सोडलं म्हणे! सही तिची.

कुणाला न विचारता तिच्या कचेरीत घुसलो. "त्याने काही घेतलं नाही! मी सांगितलं म्हणून—"

"माहितेय मला."

"मग?"

तिने उठून दार लावलं. मला नावाने हाक मारली. खरंच, नावाने! म्हणाली, "काका तुझ्यावरच गुन्हा दाखल करणार होते. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला हात लावायचा नाही, दुसरं कुणीतरी बघा. तुझ्यासाठी केलं रे, वेड्या." आणि गळ्यात पडून रडली.

हेच तर मागत होतो मी! इतके दिवस हेच! तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. डोळे मात्र टेबलावरच्या तिच्या सहीवर. 

२ मार्च

अधिकाऱ्याच्या घरी गेलो. मार खायच्या तयारीने. तर तो परत कमरेतून वाकला! त्याला वाटलं, मी सोडवायला आलोय. बायको आतून धावत आली, "दाजी, पोरीला शाळेत चिडवतात हो. ह्यांचं काही चुकलं असेल तर ताईंच्या कानावर घाला ना!"

"बघतो" म्हणालो. काकांसारखं! हुबेहूब!

३ मार्च

आज तिची जाहीर सभा आहे. उभा राहून सांगणार, फोन मी केला. मग पहिला प्रश्न येणार — सही करताना ताईंना माहीत होतं का? होतं, असं सांगणार. तिचं पद जाईल. ती माझी राहील का, माहीत नाही.

आत्ताच केस विंचरता विंचरता म्हणाली, "पुढच्या रांगेत बस हं. तू दिसलास की धीर येतो."

हो म्हणालो.

खाली गाडीत बसून मला हाका मारतेय. नावाने. मी गाडीत बसणार नाही, चालत जाणार. निघालो — दार ओढून घेतो.